ज्वाळेआधीचे नियतकालिक

१/ १२ जून १९४५. न्यूयॉर्कच्या मॅकअल्पिन हॉटेलात सनातनी ज्यू धर्मगुरूंची सभा भरली. रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांना बहिष्कृत करण्यात आले आणि त्यांची नवी प्रार्थनापुस्तिका जाळण्यात आली. ज्यू धर्मातील पुनर्रचनावादी पंथाची कथा बहुधा याच ज्वाळेपासून सांगितली जाते. ही मांडणी आकर्षक आहे, पण दिशाभूल करणारी आहे.

२/ त्याआधी दहा वर्षे, जानेवारी १९३५ मध्ये, ‘द रिकन्स्ट्रक्शनिस्ट’ हे नियतकालिक सुरू झाले होते. आदल्याच वर्षी कॅप्लन यांचा ‘ज्युडाइझम ॲज अ सिव्हिलायझेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. ज्यू धर्म म्हणजे केवळ श्रद्धा नव्हे. भाषा, कला, इतिहास, चालीरीती यांसह उत्क्रांत होत जाणारी संस्कृती, हा त्याचा गाभा. ग्रंथाने विचार मांडला. नियतकालिकाने तो चर्चेत उतरवला.

३/ यास ‘पंथाचे मुखपत्र’ म्हणतात. पण तेव्हा पंथ होता कोठे? कॅप्लन १९०९ ते १९६३ कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्याच विद्यापीठात शिकवत राहिले. त्यांना चौथा पंथ नको होता. सर्व पंथांत झिरपेल असा विचारप्रवाह हवा होता. रब्बी घडवणारे स्वतंत्र महाविद्यालय फिलाडेल्फियात निघाले ते १९६८ साली, कॅप्लन यांचे जावई आयरा आयझेनस्टाइन यांच्या पुढाकाराने. म्हणजे मुखपत्र आधी, महाविद्यालय ३३ वर्षांनी!

४/ आक्षेप येईल : पंथ उपासनेने घडतो, लेखांनी नव्हे; नियतकालिक वाचणारे मूठभर. आक्षेपात तथ्य आहे. प्रार्थना बदलली तेव्हाच भडका उडाला. परंतु ‘ईश्वराने निवडलेली प्रजा’ ही कल्पना प्रार्थनेतून वगळण्याचे धाडस एका रात्रीत येत नाही. पुस्तिकेचे संपादक कॅप्लन आणि युजीन कोन हे दोघेही याच नियतकालिकाच्या संपादनातले. उपासनेतील बदलामागे युक्तिवादाची दीर्घ तालीम होती.

५/ ज्वाळा लक्षात राहते, यात नवल नाही. युरोपातील युद्ध संपून जेमतेम महिना झाला होता. नाझींनी ग्रंथांच्या होळ्या पेटवल्याला अवघी बारा वर्षे लोटली होती. पण ज्वाळेपासून आरंभ केला की कर्तेपण जाळणाऱ्यांकडे जाते आणि विचार करणारे केवळ बळी उरतात.

६/ होळी एका दिवसाची. नियतकालिक अंकामागून अंक निघत राहिले. एखाद्या विचाराचा आरंभ कोठे मानावा, हे ठरवण्याचा अधिकार तो जाळणाऱ्यांना देऊ नये.