विश्लेषण : जुन्या डिझेल गाडीचे इंजिन खरेच ‘गेले’ आहे का? कॉम्प्रेशन चाचणी काय सांगते?

दिल्ली परिसरात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. अशा गाड्यांना १ जुलै २०२५ पासून पंपावर इंधन न देण्याचा दिल्लीतील निर्णय मात्र काही दिवसांतच गुंडाळावा लागला. गाडीचे वय पाहायचे की अवस्था, हा वाद त्यातून पुन्हा तापला. जुनी डिझेल गाडी घेणाऱ्या कुणाही ग्राहकापुढे हाच प्रश्न असतो. त्याचे बरेचसे उत्तर सिलिंडरमधील दाबात दडलेले असते.

डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन इतके महत्त्वाचे का?

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा साधारण १५ ते २२ पट दाबतो, ती ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. दाब कमी पडला की हवा पुरेशी तापत नाही आणि इंधन अर्धवट जळते.

लक्षणे कोणती?

सकाळी थंड इंजिन सुरू होताना बराच वेळ सेल्फ मारावा लागणे, पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर, इंजिन थरथरणे, चढावर दम न राहणे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर धूर जोरात बाहेर येत असेल, तर वायू रिंगांमधून खाली गळत असण्याची शक्यता असते. मात्र खराब हीटर प्लग, बिघडलेले नोझल, डिझेल लाइनमध्ये शिरलेली हवा किंवा कमजोर बॅटरी यांमुळेही गाडी असाच त्रास देते. म्हणूनच केवळ लक्षणांवरून ‘इंजिनाचे काम निघाले’ असे म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

चाचणी कशी होते?

बॅटरी पूर्ण चार्ज आणि इंजिन गरम हवे. इंधनपुरवठा बंद करून सर्व हीटर प्लग किंवा नोझल काढतात. त्या जागी गेज बसवून प्रत्येक सिलिंडरसाठी इंजिन सारखेच फिरवतात. चांगल्या डिझेल इंजिनात हा दाब साधारण ३०० ते ५०० पीएसआय असतो; त्यामुळे पेट्रोलचे गेज येथे चालत नाही. नेमकी मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असते. आकड्याइतकाच सिलिंडरांमधील फरकही महत्त्वाचा. तो १०-१५ टक्क्यांहून जास्त असेल, तर पुढचा तपास हवा.

दोष नेमका कुठे, हे कसे कळते?

दाब पहिल्या फेरीला कमी आणि मग हळूहळू वाढत गेला, तर संशय रिंगांवर. तो वाढतच नसेल, तर वॉल्व्हवर. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी दाखवत असतील, तर हेड गॅस्केटवर. खात्रीसाठी लीक-डाउन चाचणी करतात. दोन्ही वॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून ती कुठून निसटते ते ऐकायचे. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक वॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा किंवा बोअर, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा.

सिलिंडरमध्ये ऑइल ओतून दाब पुन्हा मोजण्याची पेट्रोल इंजिनातील युक्ती डिझेलला धोक्याची आहे. डिझेलच्या सिलिंडरमध्ये जागा फार कमी असल्याने जास्त झालेले ऑइल पिस्टन व कनेक्टिंग रॉडचे नुकसान करू शकते.

मग पीयूसी पुरेसे नाही का?

पीयूसी चाचणीत डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजली जाते. धूर का येतो, हे त्यातून कळत नाही. वयाचेही तसेच. एअर फिल्टर नीट न बसवता धुळीत राबलेल्या इंजिनाचा बोअर काही वर्षांतच झिजतो, तर वेळेवर ऑइल बदललेले इंजिन १० वर्षांनंतरही उत्तम दाब देऊ शकते. त्यामुळे जुनी डिझेल गाडी घेण्यापूर्वी किंवा हेड उतरवायला होकार देण्यापूर्वी सर्व सिलिंडरांचे आकडे लेखी मागावेत. नोझल बदलून भागणार असलेल्या गाडीचे पूर्ण इंजिन खोलले, तर भुर्दंड मालकालाच बसतो.