परतलेले पत्र आणि हरवलेले पत्र

फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलवर येणाऱ्या टपालासाठी कडक नियम लागू केले. याहूनेही तीच वाट धरली. पत्र धाडणाऱ्या सर्व्हरच्या अंकी पत्त्यावरून त्याचे नाव आणि नावावरून पत्ता जुळला पाहिजे. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांनी तर एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या ओळख पटविण्याच्या तिन्ही व्यवस्था ठेवल्या पाहिजेत, असा त्यांचा आशय आहे. स्पॅमने त्रासलेल्या सामान्य माणसाने या नियमांचे स्वागत केले तर नवल नाही. परंतु या चाळणीत अडकणारे सारेच भामटे असतात काय?

एक पत्र अधिक पाठविण्याचा खर्च पाठविणाऱ्याला जवळजवळ शून्य पडतो; साठवणीचा, छाननीचा आणि वाया गेलेल्या वेळेचा भार मात्र इतरांवर पडतो. प्रदूषण करणाऱ्या कारखान्याचाच हा प्रकार. मे १९७८ मध्ये एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्रेत्याने आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना जाहिरात धाडली, तेव्हाच त्याची चुणूक दिसली होती. तरीही आपण पाठविताना काटेकोर आणि दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे, हे जॉन पोस्टेल यांनी १९८० च्या सुमारास मांडलेले सूत्र दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. सर्व्हरने सांगितलेल्या नावाची पडताळणी फसली तरी तेवढ्यावरून पत्र नाकारू नये, असे १९८९ च्या इंटरनेट मानकात स्पष्ट बजावले होते. या औदार्याचा लाभ कोणी उठविला, हे सांगायला नको.

तथापि ओळखीची कसोटी ही सचोटीची कसोटी नव्हे. व्यवसाय म्हणून स्पॅम धाडणारा नवे डोमेन विकत घेऊन सर्व नोंदी काही मिनिटांत बिनचूक करतो. उलट एखाद्या महाविद्यालयाचा किंवा पतपेढीचा सर्व्हर कोणी तरी एकदा बसवून दिलेला असतो; पुढे इंटरनेटची जोडणी बदलते, अंकी पत्ता बदलतो आणि जुनी नोंद तशीच राहते. दारात अडतो तो हा प्रामाणिक पण गबाळा माणूस.

शिवाय दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या मोजल्या जात नाहीत. स्पॅम आत आले की वाचक तक्रार करतो. खरे पत्र गडप झाले तर तक्रार करणार कोण? पाठविणाऱ्याला वाटते पोचले; ज्याला ते यायचे होते त्याला ते निघाल्याचेच ठाऊक नसते. त्यामुळे चाळणी जितकी निर्दय तितकी ती यशस्वी दिसते. मुलाखतीचे बोलावणे न मिळालेला उमेदवार कोणत्याच हिशेबात येत नाही.

म्हणून खरा वाद कडक असावे की सैल, हा नसून नकार कसा द्यावा, हा आहे. अनोळखी सर्व्हरला 'थोड्या वेळाने या' असे सांगण्याची ग्रेलिस्टिंग नावाची पद्धत २००३ पासून रूढ आहे. नीट चालणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा येतो. स्पॅमच्या अनेक यंत्रणा तेवढी तसदी घेत नाहीत. विलंब होतो, हा तिचा दोष. ओटीपीची वाट पाहणाऱ्याला तो जाचतो. त्यानंतरही नाकारायचेच असेल तर दारातच, कारण सांगून नाकारावे. आत घेऊन मग परत धाडणे घातक, कारण स्पॅमवरील पत्ता बहुधा खोटा असतो व परतलेले ओझे तिसऱ्याच निरपराध माणसावर पडते. स्पॅमच्या कप्प्यात टाकणे हा मध्यममार्ग वाटतो खरा. पण तो कप्पा उघडतो कोण? मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांची नियमबाह्य पत्रे सरळ परतविण्याचे धोरण घेतले. ते कठोर असले तरी अधिक प्रामाणिक आहे.

अर्थात परतलेल्या पत्रावरची इंग्रजी ओळ आणि आकडे कचेरीतल्या कारकुनाला उमगत नाहीत. मग संस्था कंटाळून आपले टपाल गूगल वा मायक्रोसॉफ्टच्याच स्वाधीन करतात, म्हणजे नियम करणाऱ्याचेच गिऱ्हाईक वाढते! हे टाळायचे तर विद्यापीठांच्या संगणक विभागांनी संलग्न महाविद्यालयांच्या या नोंदी दरवर्षी प्रवेशाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तपासून द्याव्यात. त्याला खर्च फारसा नाही. एका जाणत्या माणसाचे काही दिवस पुरतील.