काढा घरात, आणि आपणही घरात

ऑक्टोबर उजाडला की आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात: फराळाच्या ऑर्डरची यादी आणि काढ्याची कृती. यादी दरवर्षी तीच असते. काढ्यात मात्र दरवर्षी एक जिन्नस वाढतो. आलं, तुळस, गवती चहा, मिरी, दालचिनी इथपर्यंत ठीक होतं. मग ज्येष्ठमध आला, गुळवेल आली, गेल्या खेपेला कुणीतरी चक्रफूलही सुचवलं. हे असंच चालू राहिलं तर काढा आणि गोडा मसाला यांत फरक फक्त खोबऱ्याचा उरेल.

काढ्यावर माझा राग नाही. मी इथे अमेरिकेत, केरीतल्याच एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, आणि घसा खवखवायला लागला की मीही आधी आलं ठेचते. माझं भांडण वेगळं आहे. आजीच्या घरात तापाच्या माणसाला जे जे मिळायचं, त्यातला फक्त काढा आपण बॅगेत घालून इकडे आणला. बाकीचं तिथेच राहिलं, आणि खरं काम ते बाकीचंच करत होतं.

आठवून बघा. अंगात कणकण आहे असं कळलं की शाळा बंद. अंथरूण आतल्या खोलीत. पाण्याचा तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. जेवायला मऊ भात, वर तूप आणि मेतकूट; कोकणातल्या घरी पेज, सोबत भाजलेला पापड. धाकट्या भावंडांना त्या खोलीत मज्जाव. घरात बाळंतीण असेल तर आजारी माणसाची सावलीही तिकडे पडू द्यायचे नाहीत. शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या तर उंबऱ्यातूनच बोलून परत जात. चार-पाच दिवस त्या माणसाकडून कुणाचीच काही अपेक्षा नसे. दिवसातून दोनदा काढा येई, तो या सगळ्याच्या जोडीला.

आणि आता? सकाळी सात वाजता थर्मासमध्ये काढा, खिशात गोळ्यांची पट्टी, आणि स्वारी ऑफिसला. पोराला टायलेनॉल पाजून शाळेच्या बसमध्ये. संध्याकाळी नाटकाची तालीम, कारण ‘आता बरं वाटतंय’. ज्याच्या जोरावर पडून राहायचं, त्याच काढ्याच्या जोरावर आपण घराबाहेर पडतो.

काढा नेमकं काय करतो, ते सांगायला हवं. सर्दी-पडसं दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कुठल्याही एकामुळे होतं आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातं. तोवर गरम पेयाने घशाला बरं वाटतं, पोटात पाणी जातं, नाक थोडं मोकळं होतं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनीही घशाला आराम पडतो. मधाची बाजू तर चांगलीच भक्कम आहे: मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर झोपण्यापूर्वी चमचाभर मध द्या, असं आता डॉक्टरही सांगतात. अट एकच, मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर मधाचं बोटही चाटवायचं नाही. मधात क्वचित असणाऱ्या जंतुबीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बारशाला आलेल्या आजींना हे सांगताना जीभ जड होते, पण सांगावंच लागतं.

हळद-दुधाचं म्हणाल तर हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. मिरीतल्या पायपरिनने ते शोषण कित्येक पटींनी वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. म्हणजे दुधात हळदीबरोबर मिरी घालणाऱ्या आजीचा अंदाज बरोबर होता. पण शोषण वाढलं म्हणजे फ्लू पळाला, असं मात्र होत नाही. दूध प्या, झोप चांगली लागेल.

आता थोडं नावडतं. गुळवेल निरुपद्रवी आहे अशी आपली समजूत असते. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद तज्ज्ञ करोत, पण यकृताचं दुखणं असलेल्या माणसाने ती रोज का प्यावी? ज्येष्ठमधाबद्दल तर वादही नाही. तो जास्त दिवस घेतला की रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्यांच्या कितीतरी घरांत रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि त्याच घरांत हा काढा उकळतो आहे. कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगायचा सल्ला कोविडच्या साथीत घरोघर फिरला. त्यातला कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर त्याला झटके येऊ शकतात. पुरचुंडी पाळण्याला बांधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि वाफ. उकळतं पातेलं, त्यावर टॉवेल, टॉवेलखाली आईच्या मांडीवर वळवळणारं मूल. पातेलं कलंडायला एक लाथ पुरते. भाजलेल्या मुलांवर उपचार करणारे डॉक्टर या प्रकाराने पुन्हा पुन्हा कळवळले आहेत, आणि वाफेने सर्दी लवकर बरी होते असा धड पुरावाही नाही. नाक चोंदलंच असेल तर न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर सोडा आणि मुलाला घेऊन आतच, शॉवरपासून बाजूला पाच मिनिटं बसा. लहानांच्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला.

विक्सबद्दल एक गंमत सांगते, कारण ती आपल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याची आहे. ज्या निळ्या डबीशिवाय आपलं बालपण पुरं होत नाही, ती मूळची इथली: केरीहून सव्वा तासावरच्या ग्रीन्सबरोतल्या लन्सफोर्ड रिचर्डसन नावाच्या औषधविक्याने ते मलम बनवलं आणि १९१८च्या साथीत त्याचा खप प्रचंड वाढला. त्याच साथीला महाराष्ट्रात मानमोडी म्हणत आणि हिंदुस्थानात तिने कोटीहून अधिक माणसं नेली. अमृतांजन मात्र खरंच आपल्याकडचं, १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालेलं. दोन्ही लावा, बरं वाटतं. दोन वर्षांखालच्या मुलाला विक्स लावू नका, आणि नाकपुडीत तर कुणीच घालू नका.

पण माझ्या काउंटरवर दिसणारी खरी गडबड काढ्याची नसते, काढ्यासोबतच्या गोळ्यांची असते. हिवाळाभर राहायला आलेल्या एक काकू लेकीबरोबर आल्या. पुण्याहून आणलेली डोलो दिवसातून तीनदा चालूच होती. जावयाने वर टायलेनॉल दिलं. रात्री खोकल्याने झोप लागेना म्हणून नायक्विल. ‘तीन वेगवेगळी औषधं देऊनही ताप हटत नाही,’ लेक म्हणाली. मी तिन्ही खोकी ओळीने मांडली आणि मागची बारीक अक्षरं दाखवली. तिन्हींत एकच औषध होतं. भारतात त्याला पॅरासिटामॉल म्हणतात, इथे अ‍ॅसिटअमिनोफेन. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत त्याची ४ ग्रॅमची मर्यादा, त्यापुढे यकृताला धोका. काकू त्या मर्यादेच्या अगदी काठाशी होत्या, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मुलांच्या बाबतीत आणखी एक: ताप असताना अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही. आणि बॅगेच्या कप्प्यातली अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी सर्दीवर किंवा फ्लूवर काहीही करत नाही, ती जिवाणूंवरची आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महागात पडणारं वाक्य: ‘दोन दिवस काढा घेऊन बघू, नाही उतरला तर डॉक्टरकडे जाऊ.’ साध्या पडशाला हे वाक्य अगदी योग्य आहे. फ्लूला नाही. पडसं हळूहळू येतं, आधी शिंका, मग नाक, मग घसा. फ्लू धाडकन येतो. दुपारपर्यंत ठणठणीत असलेला माणूस रात्री हुडहुडी भरून पांघरुणात, हाडं मोडल्यासारखी दुखतायत. त्यावरचं टॅमिफ्लूसारखं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत उपयोगी पडतं. म्हणजे काढा घेऊन बघायचे जे दोन दिवस, नेमके तेच औषधाचे दोन दिवस. घरात पासष्टीपुढचं माणूस असेल, गर्भवती असेल, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, दोन वर्षांच्या आतलं मूल असेल, तर पहिल्याच दिवशी फोन लावा. काढा डॉक्टरांच्या फोनची वाट बघत प्या.

लशीबद्दल ग्रुपवर दरवर्षी तोच वाद होतो. ‘लस घेतली आणि तरी फ्लू झालाच’ ही तक्रार खोटी नसते. ज्या वर्षी लस विषाणूशी नीट जुळते, त्या वर्षीही डॉक्टरपर्यंत जाण्याइतका आजार ती चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते, शंभर टक्के नाही. विषाणू रूप बदलतो म्हणून दर फेब्रुवारीत पुढच्या हिवाळ्याची लस नव्याने ठरवावी लागते. पण इस्पितळात पोचवणारा फ्लू टाळण्यासाठी तिच्या तोडीचं दुसरं काहीही, आजीच्या बटव्यातलं धरून, आपल्याकडे नाही. २०२४-२५च्या हंगामात या देशात फ्लूने किमान २८० मुलं गेली. लशीची नोंद उपलब्ध होती आणि वय लशीचं होतं, अशा मुलांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांची लस पूर्ण झालेली नव्हती. लशीचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून दिवाळीच्या आधीच घ्या. आई-बाबा आले असतील आणि पासष्टीपुढचे असतील तर त्यांच्यासाठी जास्त मात्रेची वेगळी लस असते, ती मागून घ्या. पाहुण्यांच्या विम्यात ती बहुधा बसत नाही, पण त्यांना परतीच्या विमानाऐवजी इस्पितळात पोचवण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी.

कुणी म्हणेल, लस राहू दे, पण काढ्याने २०२०-२१ मध्ये आम्हाला फ्लू झाला नाही त्याचं काय? खरं आहे. त्या हिवाळ्यात फ्लू जवळजवळ नाहीसाच झाला होता. संपूर्ण अमेरिकेत त्या हंगामात फ्लूने एकाच मुलाच्या मृत्यूची नोंद झाली. पण त्या वर्षी शेजारच्या स्मिथ कुटुंबालाही फ्लू झाला नाही, आणि त्यांनी गुळवेलीचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांच्यात आणि आपल्यात समान होतं ते एवढंच: तोंडावर मास्क, आणि आजारी असो-नसो, घरात बसणं. आजीच्या आतल्या खोलीचा याहून मोठा प्रयोग जगाने कधी केला नाही. आणि तो संपताच आपण पहिली गोष्ट कोणती केली, तर ‘थोडीशी सर्दी आहे, पण तुमचा कार्यक्रम चुकवायचा नव्हता’ म्हणत सभागृहात शिरलो.

मंडळावर येते. आपलं वर्षाचं वेळापत्रकच असं की संक्रांतीचं हळदीकुंकू आणि वार्षिक नाटक, दोन्ही जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे फ्लूच्या ऐन भरात. बंद सभागृह, हीटरची कोरडी हवा, दोनअडीचशे माणसं, पुढच्या रांगेत ज्येष्ठ आणि मांडीवर तान्ही. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू वाटत असतो. गेल्या संक्रांतीला वाढपाच्या टेबलामागे एक जण दर पाच मिनिटांनी कोपरात खोकत पुलाव वाढत होता. सगळ्यांना दिसत होतं. कुणी बोललं नाही, उलट ‘एवढा ताप असून आला, काय निष्ठा!’ असं कौतुक झालं. ही निष्ठा नको.

रजेचा प्रश्न मला माहीत आहे. या देशात पगारी आजारपणाची रजा देण्याची सर्वसाधारण सक्ती केंद्राचा कायदा करत नाही, आपल्या राज्याचाही करत नाही. तासांवर काम करणारा, व्हिसाच्या धाकात असलेला माणूस ऑफिसला जातो, त्याला मी काय बोलणार? जमलं तर मास्क लाव, एवढंच. पण मंडळाच्या कार्यक्रमाला यायची सक्ती कुणावर नाही. तिथे तरी आपण आपल्या हातातलं करू शकतो.

म्हणून कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा (सीडीसीचा) नियम आमंत्रणातच छापावा: तापाची गोळी न घेता चोवीस तास ताप नसेल आणि एकूण बरं वाटत असेल तरच या, आणि त्यानंतरचे पाच दिवस मास्क लावा. आजारपणामुळे न येणाऱ्याचं तिकीट सकाळपर्यंत कळवल्यास दुसऱ्याला देता यावं किंवा पैसे परत मिळावेत. पंधरा डॉलर वाया जाऊ नयेत म्हणून ताप अंगावर काढून येणारे आपल्यात आहेत, हे आपण सगळेच जाणतो. घरी राहिलेल्यांचा तिळगूळ आणि वाण स्वयंसेवकांनी पोर्चवर ठेवून यावं, बेल वाजवून. सोबत मऊ भाताचा डबा गेला तर फारच छान, त्यासाठी दोन नावं आत्ताच माझ्याकडे आली आहेत. सभागृहाच्या मालकांशी बोलून मध्यंतरात मागची दोन्ही दारं उघडी ठेवावीत, थंडी वाजली तरी. आणि नाटकातल्या निदान दोन मुख्य भूमिकांना पर्यायी नट आधीच तयार ठेवावेत. दिग्दर्शक चिडतील. त्यांच्याशी मी बोलेन.