शेजार कसा लाभतो, त्यावर सारे

पॅरा-नायट्रोअनिलिनचा रेणू कागदावर निर्दोष दिसतो. बेन्झीनच्या वलयाच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा अमिनो गट, समोरच्या टोकाला ते ओढून घेणारा नायट्रो गट. लेझरचे विद्युतक्षेत्र आले की इलेक्ट्रॉन एका दिशेला सहज सरकतात, उलट दिशेला तितके सरकत नाहीत. अशा असमान हालचालीतून दुप्पट वारंवारितेचा प्रकाश निघतो. १९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेझरचा लाल किरण क्वार्ट्झमधून पाठवून अतिनील किरण मिळवला, तेव्हापासून ही विद्या सुरू झाली.

पण पॅरा-नायट्रोअनिलिनचा स्फटिक असा प्रकाश देत नाही. एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण असे हे रेणू म्हणजे द्विध्रुव; शेजारचे द्विध्रुव विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, स्फटिकाला सममितीकेंद्र मिळते आणि एका रेणूचे काम दुसरा पुसून टाकतो.

म्हणून मला या क्षेत्रातले खरे कसब शेजार घडवण्यात दिसते. त्याच रेणूत अमिनो गटाशेजारी एक मिथाइल जोडला की मांडणी बदलते, सममितीकेंद्र जाते. जोसेफ झिस आणि सहकाऱ्यांची युक्ती तर फारच देखणी. त्यांच्या पीओएम या रेणूत नायट्रो गटाची ओढ आणि एन-ऑक्साइडची ओढ समोरासमोर येतात, द्विध्रुव जवळपास शून्यावर येतो. मग रेणूंना उलटसुलट जोडीने बसायचे कारणच उरत नाही. १९८९ मध्ये मार्डर, पेरी आणि शेफर यांनी प्रभारित रेणू घेतला आणि सोबतचा ऋण आयन बदलत मांडणी बदलून पाहिली. त्यातून डीएएसटी हा स्फटिक मिळाला. आज टेराहर्ट्झ लहरी निर्माण करायला तो वापरतात.

हे सगळे ठाऊक असताना एकट्या रेणूची हायपरपोलरायझेबिलिटी, म्हणजे असमान हालचालीची ही क्षमता, संगणकावर काढायची, ती तुलनेसाठी घेतलेल्या युरियाच्या इतके पट आहे असे लिहायचे आणि पदार्थ आश्वासक ठरवून निबंध संपवायचा, ही प्रथा मला पटत नाही. गणित चुकीचे नसते, पण ते अर्ध्या वाटेवर थांबते. विद्यार्थ्याला स्फटिक वाढवू द्या. तो दळून कुर्ट्झ-पेरी चाचणी करा: भुकटीवर १०६४ नॅनोमीटरचा लेझर टाकला की ५३२ चा हिरवा प्रकाश दिसतो की नाही, हे कळते. शोषण वर्णपटही जोडा. देणारे-घेणारे गट जास्त जोरकस केले की शोषण दृश्य प्रकाशाकडे सरकते, आणि मोठ्या कष्टाने मिळालेला हिरवा किरण तो स्फटिक स्वतःच गिळू शकतो.