परसातले बियाणे कोणाचे?

घरोघरी पोषणासाठी परसबाग लावावी, अशा मोहिमा अलीकडे शासकीय यंत्रणेमार्फत व महिला बचतगटांमार्फत चालविल्या जात आहेत. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कुंपणावर वाल, मांडवावर दोडका आणि दारात शेवगा एवढी सोय झाली, तरी मजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या ताटात फरक पडतो. तथापि एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या मृगाला बियांचे पाकीट फुकट मिळाले; पुढच्या मृगाला बी कोठून येणार?

पाकिटातील बी संकरित असेल तर पहिले पीक जोमदार येते. परंतु त्याच्या फळांतून धरलेले बी पेरल्यास गुण विखुरतात व पीक एकसारखे येत नाही. दरवर्षी बाजार गाठणे मग अटळ होते. कापूस उत्पादकाने हा अनुभव पुरेपूर घेतला आहे. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून संकरित कापूस आला, तो सार्वजनिक विज्ञानाचा विजय होता. २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि आज बहुतेक कापूस दर हंगामात विकत घेतलेल्या संकरित बियाण्यावर उभा आहे. घरच्या कणगीतील साठा हा रोखीचा खर्च झाला. आणि तोही नेमका पावसाच्या तोंडावर, जेव्हा घरात पैसा सर्वांत कमी असतो. सावकाराचा दरवाजा येथेच उघडतो. परसबागेची रक्कम क्षुल्लक असेल, पण परावलंबनाची सवय तीच असते.

याला पर्याय आहे व तो महाराष्ट्रातच सिद्ध झाला आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता वाल-घेवड्यासह अनेक पिकांचे गावरान वाण जतन केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या सन्मानाने एका व्यक्तीबरोबरच आदिवासी स्त्रियांच्या उपेक्षित ज्ञानाचीही दखल घेतली गेली.

हे ज्ञान अवघड नाही, पण शिस्त मागते. आरंभ वाल, चवळी, टोमॅटो यांपासून करावा. त्यांचे परागीभवन बहुतांशी आपल्याच फुलात होते. दोडका, दुधी, काकडी यांत कीटक सरमिसळ करतात, म्हणून आसपास एकाच पिकाचे दोन वाण लावू नयेत. उरलेसुरले फळ बियांसाठी ठेवण्याची रीत सोडून अनेक निरोगी वेलींवरील उत्तम फळे वेलीवरच पिकू द्यावीत. आपल्या दमट हवेत खरा शत्रू ओलावा आहे. बियांतील ओलावा एका टक्क्याने घटला की त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. खरिपातील बी हिवाळ्यात चांगले वाळते; उन्हाळी भाजीच्या बियांना मात्र पावसाळा ओलांडावा लागतो. ते सावलीत नीट वाळवून, कोरड्या राखेसह, घट्ट झाकणाच्या बरणीत पावसापूर्वीच बंद करावे.

कायदाही या बाजूचा आहे. २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व विकण्याचाही हक्क देते; संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून विकण्यास तेवढी मनाई आहे. असे असूनही २०१९ मध्ये गुजरातेत एका बहुराष्ट्रीय कंपनीने बटाटा उत्पादकांवर प्रत्येकी कोटीहून अधिक रुपयांचे दावे लावले. देशभर निषेध झाला तेव्हा ते मागे घेतले गेले. कागदावरचा हक्क संघटित जनमतामुळेच टिकला, हे विसरता येणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी पाकिटे वाटण्यावर समाधान मानू नये. प्रत्येक शाखेने वैशाखात बियांच्या देवघेवीचा एक दिवस ठरवावा, आणि कोणता वाण कोणत्या घरून आला याची नोंदवही ठेवावी. बी हे उत्पादनाचे पहिले साधन आहे. त्याच्या मालकीचा प्रश्न विधिमंडळात लढवावा लागेलच. पण ज्यांच्या घरात मूठभर बी आहे, त्यांनाच तो लढा आपला वाटेल.