आकाश कुणाचे, जमीन कुणाची?

विमानतळ हवा की नको, एवढाच प्रश्न सत्ताधारी मंडळी पुढे करतात. विमानतळ कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या मालकीचा आणि कुणाच्या मालासाठी, हा खरा प्रश्न होय.

बारामतीची धावपट्टी सार्वजनिक पैशातून झाली. २००९ साली ती नांदेड, लातूर, उस्मानाबाद व यवतमाळच्या विमानतळांसह रिलायन्स समूहातील कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. नियमित प्रवासी सेवेचे स्वप्न कागदावरच राहिले आणि अखेर धावपट्टी शासनालाच परत घ्यावी लागली.

केंद्राचे धोरणही असेच. नव्वदीच्या आरंभी मालवाहतुकीसाठी आकाश खुले झाल्याचा डांगोरा पिटला गेला. २०२० साली परदेशी कंपन्यांच्या अनियमित मालवाहू विमानांना सहाच विमानतळांची मुभा ठेवण्यात आली. त्यांत महाराष्ट्रातील एकटी मुंबई होती. पुण्याचे लोहगाव तर मुळात हवाई दलाचे. द्राक्षे बहुतांशी समुद्रमार्गे जातात. पण भेंडी-मिरचीसारख्या नाशवंत मालाला विमानच लागते. हा माल पिकवणाऱ्या इंदापूरच्या शेतकऱ्याला मग मुंबईचा रस्ता धरणे आले. तेथील विमानतळ २०२१ पासून अदानी समूहाच्या ताब्यात आहे. नवी मुंबईचाही त्याच समूहाकडे. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. विमानेही खासगी, दरवाजेही खासगी. सार्वजनिक उरली ती फक्त शेतकऱ्याने द्यायची जमीन!

ती मागण्याची रीतही पाहावी. पुरंदरच्या सात गावांनी विरोध केला, तेव्हा २०२१ च्या सुमारास प्रकल्प पुरंदर व बारामती तालुक्यांच्या हद्दीवरील गावांकडे सरकवण्याचा घाट घातला गेला. संरक्षण खात्याने तो नाकारल्यावर मोर्चा पुन्हा त्याच सात गावांकडे वळला. संपादनासाठी १९६१ चा औद्योगिक विकास कायदा काढण्यात आला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची अट त्यात नाही. मे २०२५ मध्ये ड्रोनमोजणीला अडवणाऱ्या शेतकऱ्यांवर लाठ्या चालल्या.

उजनीच्या पाण्यात पळसदेवसारखी गावे बुडालेली इंदापूरने पाहिली आहेत. ‘विकासासाठी त्याग’ या शब्दांचा अर्थ या तालुक्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: २०१३ च्या कायद्याप्रमाणे मूल्यमापन व ग्रामसभेची संमती; विमानतळाची सार्वजनिक मालकी; आणि शेतमालाला पुणे परिसरातूनच थेट परदेशी जाण्याची सोय. कार्यकर्त्यांनी ही मागणी बारामती-इंदापूरच्या गावोगावी न्यावी आणि पुरंदरच्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहावे. एका तालुक्याची जमीन दुसऱ्या तालुक्याच्या फायद्याचे आमिष दाखवून काढून घेतली जाते, ही फूट प्रथम मोडली पाहिजे.