घराच्या मानानें चूल

शेतकी मासिकांत चुलीचा विषय कशाला, असें कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. चूल हें बायकांचें खातें, तेथें पुरुषांनीं बोलूं नये, अशी आपली जुनी समजूत. परंतु चुलींत जें जळतें तें कोठून येतें याचा विचार केला म्हणजे हा विषय शेतकऱ्याचाच आहे, असें दिसून येईल. तुराट्या, बाभळीचा फांटा, उसाचें चिपाड आणि गोठ्यांतलें शेण हें सर्व आपल्या शेताचेंच उत्पन्न होय. आपण त्याचा हिशोब ठेवीत नाहीं, एवढेंच.

पलूसच्या शिवारांत आमचें जुनें घर आहे. तेथें एके काळीं वीस-बावीस माणसांची पंगत बसे. त्या मानानें चूलही रुंद होती. तिजवर मोठें पातेलें बसे व वैलावर आमटी शिजे. पुढें भाऊ वेगळे झाले, वाटण्या झाल्या, आणि माझ्याकडे पांच माणसांचा संसार राहिला. नव्या घरांत चूल घालतांना मीं वडिलांच्या वेळच्या चुलीचेंच माप सांगितलें. पाहुणारावळा येतो, चूल मोठीच असावी, हें माझें म्हणणें. सहा वर्षें आमची घरधनीण त्या चुलीपुढें डोळे पुसत भाकरी थापीत होती. लांकडें ओलीं आहेत, वारा उलटा आहे, अशीं कारणें मी देत असें. शेवटीं एका दिवाळीनंतर तिनें मला न विचारतां ती चूल फोडली आणि आपल्या तव्याच्या व पातेल्याच्या मापानें दुसरी घातली. घर तेंच, जळण तेंच. धूर मात्र निम्म्यावर आला. चूक माझी होती, ती येथें कबूल करतों.

असें कां व्हावें? लांकूड तापलें म्हणजे त्यांतून प्रथम वाफ व जळाऊ वायु निघतात. ज्वाळ चांगली तापलेली राहिली तर ते वायु जळून उष्णता देतात. ती थंड पडली तर तेच वायु धूर होऊन छपराला काजळी लावतात. धूर म्हणजे न जळतां वायां गेलेलें जळण होय. रुंद चुलींत थोडा जाळ घातला कीं तिच्या मोठ्या तोंडांतून गरजेहून अधिक गार वारा आंत शिरतो, चुलीच्या भिंती तापत नाहींत, आणि ज्वाळ भांड्याच्या बुडाला न लागतां बाजूनें निसटते. मग जाळ वाढवावा लागतो, आणि पांच माणसांच्या भाताला पंधरा माणसांचें जळण जातें. उलट चूल फारच अरुंद असली तर तोंडांत लांकडें कोंबलीं जातात, वारा कोंडतो व पुन्हा धूरच होतो. तेव्हां मोठी वाईट व लहान चांगली असें नव्हे; चूल मापाची असावी, एवढाच मुद्दा आहे.

युरोप-अमेरिकेंतील थंड मुलुखांत घर उबविण्यासाठीं बिडाच्या किंवा पोलादी पत्र्याच्या बंद शेगड्या बसवितात. तेथेंही हीच चूक घडते. खोलीच्या मानानें शेगडी मोठी घेतली कीं थोड्याच वेळांत खोली भट्टीसारखी तापते. मग घरधनी झडप लावून वारा बंद करतो. कोंडलेला जाळ धुमसतो, धुरांड्यांत डांबरासारखें किटण बसतें, आणि एखादे दिवशीं तें किटणच पेट घेतें. म्हणून तेथील जाणते लोक सांगतात कीं, शेगडी खोलीपुरतीच घ्यावी व ती मोकळ्या जाळानें चालवावी. कृष्णाकांठची थंडी शेकोटीनें भागते. घर उबविण्याचें काम आपल्या चुलीला नाहीं. परंतु अग्नीचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

आणि तो आपणांस ठाऊक नाहीं असेंही नाहीं. गुऱ्हाळ घालतांना चुलाण काहिलीच्या मापानें बांधतात. तें मोठें झालें तर चिपाड पुरत नाहीं, लहान झालें तर रस वेळेवर आटत नाहीं व गुळाचा रंग बिघडतो, हें गुळव्याला पाठ असतें. विहिरीवर मोटर बसवितांना आपण पाण्याचा झरा पाहतों. आपल्याच तालुक्यांत किर्लोस्करवाडीच्या माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना उभारला. तेथील लोखंडी नांगर घेणारा शेतकरी आधीं आपले बैल व आपली जमीन पाही. शेतांतल्या अवजाराला एवढा विचार, आणि घरांत रोज दोन वेळां लागणाऱ्या अवजाराला मुळींच नाहीं, हें आश्चर्य होय.

आतां हिशोब पाहूं. हिवाळ्यांत पांच माणसांच्या अंघोळीला माणशीं १५ लिटर धरले तर ७५ लिटर पाणी तापवावें लागतें. तें २० अंशांवरून ४५ अंशांवर आणण्यास १,८७५ किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळल्या लांकडांत सुमारें ३,५०० किलोकॅलरी असतात. म्हणजे सर्व उष्णता पाण्यांत गेली तर अर्ध्या किलोहून थोडें अधिक लांकूड पुरे. परंतु उघड्या चुलीवर दहांतील एक ते दीड हिस्साच भांड्याला लागतो, म्हणून प्रत्यक्षांत चार-पांच किलो जाळावें लागतें. चूल भांड्याला जुळती घेतली, वर झांकण ठेवलें व लांकूड वाळलेलें वापरलें, आणि त्यामुळें लाभणारा हिस्सा दुप्पट झाला, तर दोन-अडीच किलोंत काम होईल. रोजचे दोन किलो वांचले तरी हिवाळ्याच्या चार महिन्यांत जवळजवळ अडीच क्विंटल जळण शिल्लक राहतें. तांब्याच्या बंबांत जाळ पाण्याच्या पोटांत असल्यामुळें तो चुलीहून सरस. पण दोन माणसांच्या घरीं मोठा बंब भरून तापविला तर न लागणारें पाणी तापविण्यांतच जळण खर्ची पडतें.

जळण पुरेनासें झालें कीं शेणी लागतात, आणि येथें शेताचें नुकसान सुरू होतें. शेणी जळली कीं तिच्यांतील नत्र हवेंत जातें. स्फुरद व पालाश तेवढें राखेंत उरतें. म्हणजे मोठ्या चुलीसाठीं आपण उसाच्या सरीचें खत जाळतों आणि तेंच नत्र युरियाच्या पोत्यांत पुन्हा विकत आणतों.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' निघाली. १९८० नंतरच्या दशकांत केंद्र सरकारनें सुधारलेल्या चुलींची राष्ट्रीय योजना काढली व ती २००२ सालापर्यंत चालली. परंतु पुष्कळ घरीं त्या चुलीचें तोंड घरच्या भांड्याला जुळेना. बायकांनीं तें तोडून रुंद केलें, धुरांडें कोणी साफ केलें नाहीं, आणि चूल पूर्ववत् धुरकट झाली. सर्वांना एकच माप देणाऱ्या योजनेचें असेंच व्हावयाचें. पुण्याच्या आरती संस्थेनें डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखालीं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत काढली व त्यासाठीं २००२ सालीं तिला इंग्लंडांतील ॲशडेन पारितोषिक मिळालें. जें पाचट आपण फडांत पेटवून देतों, त्यांतही जळण आहे, हें यावरून कळावें.

कोणी म्हणेल, आतां गॅस आला, चुलीचें पुराण कशाला? गॅस चांगलाच. घरांतील धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्याला परवडतें त्यानें अवश्य गॅस वापरावा, आणि ज्याच्या गोठ्यांत चार जनावरें आहेत त्यानें गोबर गॅसचा विचार आधीं करावा. परंतु २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनंतरही कित्येक घरांत अंघोळीचें पाणी व भाकरी चुलीवरच होते, कारण सिलिंडरला रोख पैसा लागतो व तुराट्या घरच्या असतात. जोंवर चूल पेटते आहे, तोंवर ती नीट असावी.

नीट म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. रोजचें भांडें कोणतें तें आधीं ठरवावें व चूल त्याच्या मापानें घालावी. सणावाराच्या भांड्याच्या मापानें घालूं नये. लग्नकार्याला अंगणांत चर खणतांच, तसेंच पाहुण्यांच्या वेळींही करावें. भांडें व चुलीची कड यांत बोटभराहून फार अधिक फट नसावी. ज्वाळेचें टोंक बुडाला लागेल एवढीच उंची ठेवावी. लांकूड पावसाळ्यापूर्वीं फोडून वाळवावें, बारीक करून घालावें व तोंड अर्धें मोकळें ठेवावें. धुरांडें असेल तर तें वेळोवेळीं झाडावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, माप ठरवितांना जी तिच्यापुढें बसणार तिला विचारावें.

माझी वाचकांस एकच विनंति आहे. येत्या थंडींत एक दिवस सकाळच्या भाकरी होईपर्यंत आपल्या चुलीपुढें स्वतः बसून पाहावें. डोळ्यांना पाणी आलें तर चुलीचें माप चुकलें नाहीं ना, हें त्याच दिवशीं पाहावें.